बटण मान देत नाही

“ताई, बटण हल्ली मान देत नाही,” तळमजल्यावरचे टेलरकाका म्हणाले, आणि मी हसले.

कडेवर मुंगी, एका हातात भाजीची पिशवी, मनगटाला बटणचा पट्टा गुंडाळलेला. अशा अवस्थेत माणूस दुसरं काय करणार? “आमच्या घरात कुणीच कुणाला मान देत नाही, काका,” मी म्हटलं, “ती तरी कुठून शिकणार?” काका हसले नाहीत. मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत ठेवून ते बटणकडे बघत राहिले. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मुंगीने माझे केस ओढायला सुरुवात केली होती आणि मला अजून चार मजले चढायचे होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. माझा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, हा या जिन्यातला सगळ्यात जुना विनोद.

मुंगी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा अकरा महिन्यांची. जमिनीवर पडलेलं काहीही उचलून नेते म्हणून मुंगी. बटण म्हणजे आमची कुत्री, साडेचार वर्षांची, पांढरी, बगलेत मावेल एवढी. पिल्लू असताना तिने काकांच्या दुकानातलं कोटाचं बटण गिळलं होतं. दोन दिवस सगळी इमारत त्याची वाट बघत होती. बटण बाहेर आलं, नाव मात्र तिलाच चिकटलं. व्याकरणाने ते बटण, पण आमची ती बटण.

मुंगी झाल्यापासून मी एक वही ठेवली आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकले. काळजी करायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, ती नोंदवून ठेवायला तेवढं कॉलेजने शिकवलं. किती वाजता प्याली, किती वेळ झोपली, ताप किती, शी कुठल्या रंगाची. सासूबाई त्या वहीला ‘पोलीस स्टेशन’ म्हणतात. “लिहून घे गं, तुझ्या आरोपीने आत्ता शिंक दिली.” मी लिहून घेते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा समज होता.

काकांनी ते म्हटल्यानंतर आठ-दहा दिवस झाले असतील. मी स्वयंपाकघरात होते, बाहेरच्या खोलीत मुंगीने टाहो फोडला. धावत गेले तर मुंगी गालिच्यावर बसून रडतेय, बटण पलंगाखाली. वहीत लिहिलं: ‘४.१०, रडली, २० मि. दात?’ विषय संपला.

दुसऱ्या वेळी मात्र मी समोरच होते. मुंगी रांगत गेली आणि नेहमीसारखे दोन्ही हात बटणच्या गळ्यात टाकले. बटण किंचाळली. कुत्र्याचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि मग ती गुरगुरली आणि मुंगीच्या तोंडापासून चार बोटांवर तिचे दात हवेत मिटले. मुंगीला ओरखडाही आला नाही. मी झडप घालून तिला उचललं.

“मत्सर,” सासूबाई म्हणाल्या. “घरात मूल आलं की कुत्र्याला वाटतं आपली गादी गेली.”

“आई, ती चावली असती.”

“चावली नाही ना? तुझ्या नवऱ्याने धाकट्या बहिणीला पाळण्यातून ढकललं होतं. त्याला काय आम्ही गोदामात पाठवला?”

गोदामाचा विषय त्यांच्या तोंडी आला कारण माझ्या तोंडी तो आधीच येऊन गेला होता. नवऱ्याच्या कंपनीचं शहराबाहेर सुट्या भागांचं गोदाम आहे. तिथला रखवालदार भला माणूस, त्याला एखादं कुत्रं हवंच होतं. मोठं अंगण, मोकळी हवा, लहान मूल नाही. मी सगळे मुद्दे मांडले. आणि मला टेलरकाकांचं वाक्य आठवलं तेही मी मांडलं. “बाहेरच्या माणसालासुद्धा दिसलं. काकाच म्हणाले, ही हल्ली मान देत नाही. डोक्यावर बसलीय ती आपल्या.”

नवरा बटणकडे बघत होता. ती दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती, डोकं खाली. “तू म्हणशील तसं,” तो म्हणाला. आमच्याकडे ही तक्रार असते. मी ती संमती म्हणून घेतली.

रविवारी सकाळी बटणला न्यायचं ठरलं. जिन्याच्या तोंडाशी येऊन ती थांबली. पुढचा पाय पायरीवर टाकायचा, मागे घ्यायचा. मला वाटलं, कळलंय हिला, नाटक करतेय. उचलायला गेले तर पुन्हा तीच किंचाळी. शेवटी नवऱ्याने पोटाखालून हात घालून, एखादं काचेचं तावदान न्यावं तशी तिला चार मजले खाली आणली. मागून मी, कडेवर मुंगी.

काका दुकानाच्या दारात उभे होते. निरोपाला म्हणून त्यांनी निळ्या कापडाचा नवा गळपट्टा कापून ठेवला होता, आतून मऊ अस्तर. “फक्त माप घेतो आणि टीप मारून देतो,” ते म्हणाले. “ठेवा तिला खाली.” मग गुडघ्यावर बसून, सुटाच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीने: “मान द्या, बाईसाहेब.”

बटण हलली नाही.

“हे बघा,” काका नवऱ्याला म्हणाले. “तुम्ही रोज सकाळी दूध आणायला जाता ना साहेब, तेवढा वेळ ही माझ्याकडे असते. मी टेप काढली, मान द्या म्हटलं, की हनुवटी अशी वर. राणीसारखी. चार वर्षं आमचा खेळ चालू आहे. आता महिना होत आला, मान देत नाही.” त्यांनी तिच्या मागे जाऊन टेपचा पितळी तुकडा फरशीवर वाजवला. बटणने मान वळवली नाही. आधी पुढचे पाय, मग मागचे, असं करत ती अख्खी वळली. मोठा ट्रक अरुंद गल्लीत वळवतात तशी.

“मान म्हणजे... गळा?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. “मग कुत्र्याला दुसरी कुठली मान असते, ताई?”

मुंगीने माझ्या खांद्यावर लाळ गाळली. मी ती पुसलीसुद्धा नाही.

“चाळीस वर्षं माना मोजतोय,” काका म्हणाले. “ज्याची मान दुखते ना, तो टेपकडे डोळे फिरवतो, मान फिरवत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसलात. मला वाटलं, दाखवून आणलं असेल डॉक्टरला.”

गोदामाकडे निघालेली गाडी दवाखान्याकडे वळली. मुंगीला घेऊन मीही बसले.

प्राण्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि फारशा बोलत नव्हत्या. त्यांनी बटणच्या उजव्या बाजूने बिस्किट धरलं, तिने ते घेतलं. डाव्या बाजूने धरलं, तिला ते दिसलंच नाही. मग त्यांनी तिचा मागचा पंजा उचलून उलटा ठेवला, नखांची बाजू जमिनीवर. “बरं असलेलं कुत्रं हा झटक्यात सुलटा करतं,” त्या म्हणाल्या. आम्ही तिघे त्या पंजाकडे बघत राहिलो. तो उलटाच राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या मोज्यासारखा.

“मुलीवर गुरगुरली ही,” मी म्हटलं. मला कुणाकडे तरी ते कबूल करायचं होतं. “आम्हाला वाटलं, चावरी झाली.”

“चावरी नाही. मानेला हात लागला की जीव जातोय तिचा.”

त्यांनी आम्हाला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, जिथे जनावरांच्या मेंदूचे फोटो काढायचं यंत्र होतं. तिथे बटणला भूल दिली, यंत्रात ठेवली, आणि मानेच्या मागून बारीक सुई घालून मणक्यातलं पाणी काढून तपासलं. त्यात जंतू सापडले नाहीत. पांढऱ्या पेशी मात्र गर्दी करून होत्या. तिथले मज्जातंतूंचे डॉक्टर वयस्कर होते आणि शाळामास्तरांसारखे कागदावर चित्र काढून बोलत. त्यांनी मेंदू काढला, त्याच्याखाली मज्जारज्जूची लांब दोरी काढली, आणि दोन्हींवर पेन्सिलीने ठिपके दिले. “इथे सूज आहे, इथे आहे, आणि मानेत ही एवढी.”

“कशामुळे?” मी विचारलं.

“कारण सापडत नाही. या आजाराच्या नावातच तसं लिहिलेलं आहे. शरीराची राखण करणाऱ्या पेशी स्वतःच्याच मेंदूवर उलटतात. लहान जातीच्या कुत्र्यांत जास्त दिसतं. तुम्ही काही खाऊ घातलं म्हणून झालेलं नाही.”

“माझ्या मुलीला...”

“लागत नाही. तिला नाही, तुम्हाला नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही नाही.”

नवरा इतका वेळ चित्राकडे बघत होता. “म्हणजे वायरिंग जळलेलं नाही,” तो म्हणाला. “वायरिंगला सूज आलीय.”

“तुमचं काम काय?”

“लिफ्ट.”

“मग तुम्हाला लवकर कळेल. सूज उतरली तर बऱ्याच तारा पुन्हा चालू होतात. किती जळल्या, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “पहिला आठवडा महत्त्वाचा. काही यातून सावरत नाहीत, ते मी लपवणार नाही. जी सावरतात त्यांतली कितीतरी पुढे वर्षानुवर्षं छान जगतात. पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

मी पिशवीतून वही काढली. सवयीनेच. ‘४.१०, रडली, २० मि. दात?’ डॉक्टरांनी ते वाचलं.

“ही कुणाची नोंद?”

“मुलीची.”

“आणि कुत्रीची?”

“कुत्रीची वही नाही,” मी म्हटलं. पण सांगता सांगताच पानं उलटत होते, आणि बटण त्यात होती. ‘मुंगी बटणच्या पाण्यात हात घालून बसली, बटण आलीच नाही प्यायला.’ ‘मुंगीचा चेंडू बटणच्या डावीकडून गेला, बटण हलली नाही, मुंगी हसली.’ सगळं मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात, तारीखवार. मुंगीच्या बातम्या म्हणून. डॉक्टरांनी तारखा उतरवून घेतल्या. “उपयोगाची वही आहे,” ते म्हणाले. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी येऊन मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून बटणची सुरू केली.

रोज स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि सोबत रुग्णालयात जाऊन घ्यायची इंजेक्शनं, त्या उलटलेल्या पेशींना आवर घालणारी. इंजेक्शननंतर काही दिवस तिची शी-शू हातमोजे घालून उचलायची आणि मुंगीला तिथे फिरकू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. माझ्यासारखीला एकदाच पुरलं असतं. नवऱ्याने बाहेरच्या खोलीत गुडघाभर उंच जाळी बसवली. एका बाजूला मुंगी, दुसऱ्या बाजूला बटण. दोघी जाळीला नाक लावून बसायच्या.

तिसऱ्या दिवशी ती आणखी ढासळली. उभी राहायला गेली की मागचे पाय फाकायचे. चालली तर डावीकडे गोल गोल. डोकं एका बाजूला कललेलं, जणू भिंतीपलीकडचं काही ऐकतेय. त्या दिवशी वहीत मी लिहिलं, ‘उजवा पंजा: नाही. डावा पंजा: नाही. खाल्लं: हाताने भरवलं, अर्धं.’ आणि खाली, वहीच्या शिस्तीत न बसणारं: ‘मी हिला गोदामात पाठवत होते.’

सासूबाईंनी ते वाचलं असावं. चष्मा लावून त्या माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या. “मत्सर म्हणणारी मी होते,” त्या म्हणाल्या. “तेही लिही तुझ्या पोलीस स्टेशनात. आरोपी दोन आहेत.”

त्याच दुपारी दारावर धाप लागलेला आवाज आला. टेलरकाका. सत्तरीचे, गुडघे कामातून गेलेले, आणि चार मजले चढून आलेले. हातात कोटाच्या कॅनव्हासची झोळी: बटणच्या पोटाखालून घ्यायची, वर दोन मुठी, आपण उभ्याने धरून तिला चालवायचं. “गिऱ्हाईक ट्रायलला येईना,” ते म्हणाले, “म्हणून दुकान वर आलं.” त्यांनी पाणी मागितलं, प्याले, आणि झोळी तिला घालून दोन ठिकाणी खडूने खुणा केल्या. “इथे जरा काचतंय. उद्या देतो.”

“काका, तुम्ही नका येऊ, मी खाली येते.”

“तुम्ही खाली या, पण मी सांगेन ते नीट ऐका,” ते म्हणाले. बरं झालं म्हणाले. मला कुणीतरी रागवायला हवं होतं.

चौथा दिवस, पाचवा दिवस. झोळीत धरून मी तिला खोलीभर फिरवायचे, आणि जाळीपलीकडून मुंगी कठडा धरून आमच्या बरोबरीने आडवी सरकायची. “एक उभी राहतेय, तर दुसरी बसलीय,” सासूबाई म्हणायच्या. “या घराला एकूण चार पाय मिळाले तरी खूप.” सकाळ-संध्याकाळ मी पंजा उलटा ठेवायचे आणि थांबायचे. नाही. नाही. नाही. नाही.

सहाव्या दिवशी सकाळी उजवा पंजा उलटा ठेवला आणि तिने तो सुलटा केला.

मी ओरडले नाही. एकदा झालेली गोष्ट योगायोग असू शकते, हे मी शिकलेय. पुन्हा ठेवला. सुलटा. पुन्हा. सुलटा. पाच वेळा केलं, पाचही वेळा. पाचव्या वेळी बटणने माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुला एकच काम आहे का. मग मी ओरडले. नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला. त्याने स्वतः एकदा करून बघितलं, मग पॅनेलचा दिवा लागल्यावर करत असेल तशी नुसती मान हलवली आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्यानंतरचे आठवडे सरळ रेषेत गेले असं नाही. एकदा दोन दिवस ती पुन्हा कलंडत होती आणि मी डॉक्टरांना सहा फोन केले. गोळ्यांनी तिला राक्षसी भूक लागायची. तिने मुंगीची बिस्किटं खाल्ली, एक पायमोजा खाल्ला, माझ्या वहीचा कोपरा खाल्ला. पाणी बादलीभर, आणि त्याचा हिशेब फरशीवर. “दोघींना लंगोट शिवून घ्या खालून,” सासूबाईंनी सुचवलं. गोळ्या मात्र कमी करायच्या त्या अगदी दमादमाने, बरी दिसतेय म्हणून घाई केली की आजार उलटतो, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. तो कागद मी जाळीवर टांगला. मुंगीला आम्ही शिकवलं की बटणच्या पाठीवरून हात फिरवायचा, गळ्यात टाकायचा नाही. ती आता दोन पावलं चालते आणि तिसऱ्याला बसते. बटण पंधरा पावलं चालते आणि सोळाव्याला भिंतीला टेकते. डाव्या डोळ्याने तिला अजून नीट दिसत नाही. कदाचित दिसणारही नाही.

सातव्या आठवड्यात ती जिना उतरली. शेवटचा मजला स्वतःच्या पायांनी, झोळी नुसती नावाला. दुकानाच्या दारात आली आणि थांबली. काका मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, टेप गळ्यातून काढली, गुडघे धरून खाली बसले.

“मान द्या, बाईसाहेब.”

बटणने आधी डोळे वर केले. मग हळूहळू, थोडी डावीकडे झुकलेली, हनुवटी वर आली. काकांनी टेप फिरवली. माप त्यांनी दोनदा घेतलं.

“साडेतेरा. मागे बारा होती.”

“गोळ्यांनी सुटलीय,” मी म्हटलं.

“गिऱ्हाईक सुटलं की टेलरला आनंदच.” त्यांनी खणातून तोच निळा गळपट्टा काढला, गोदामासाठी कापलेला, नंतर जुन्याच मापाने शिवून ठेवलेला, आणि शिलाई उसवायला घेतली. “आत माया ठेवलीय दोन बोटं. आता सोडतो. गोळ्या कमी झाल्या की पुन्हा आत घेईन.”

“माया म्हणजे कापडाचीच ना?” या वेळी मी विचारून घेतलं.

“ताई,” ते म्हणाले, “आता तुम्हाला कळायला लागलं.”

बटण अजून गोळ्यांवर आहे. पुन्हा फोटो काढायचे आहेत, पुन्हा सुई आहे. उलटेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत आणि मीही रोज विचारायचं सोडलंय. आता आठवड्यातून दोनदाच विचारते. आत्ता हे लिहिताना ती जाळीपाशी झोपलीय आणि मुंगी तिच्या पाठीवर बोटाने रेघा ओढतेय.

तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणीतरी हल्ली चिडकं झालंय, हात लावू देत नाही, हाकेला येत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही ठरवूनही टाकलं असेल. कुत्रं असेल, मांजर असेल, खिडकीशी बसून राहणारे तुमचे सासरे असतील. हे वाचून झालं की उठा. त्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि हळूच हाक मारा. मान वळते की अख्खं अंग वळतं, तेवढं बघून या.